त्यात उस्मानचा हात होता

आमच्या भाऊजींना हळू काही करताच येत नसे. दार लावलं तर कडी निखळायची, पाट मांडला तर खालचं सारवण उखडायचं, आणि बोलण्याचं तर विचारूच नका. "वयनी, मीठ द्या" एवढं ते पानावरून म्हणाले, तरी शेजारची कासारीण मिठाची वाटी घेऊन येते की काय, असं वाटे. एकदा एका घरी समाचाराला गेले. तिथं त्यांनी "लय वाईट झालं" म्हटलं, तेव्हा गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली आणि रडणारी माणसं रडणं सोडून तिच्यामागं धावली. सासूबाई म्हणायच्या, याच्या जन्माच्या वेळी सुईण बहिरी होती, तिला ऐकू जावं म्हणून जो ओरडला तो ओरडलाच.

खरं कारण निराळं होतं. भाऊजी विमानांच्या इंजिनावरचे फिटर. लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला पंख्याच्या विमानांवर होते, पुढं जेट आली तेव्हा जेटवर गेले. त्या इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले. एक कान साफ गेला, दुसऱ्यात फक्त जाड आवाज शिरे. आणि माझा आवाज जाड. लग्न जमताना सासरच्या बायकांनी "पोरगी बोलते का पखवाज वाजते" असं नाव ठेवलं होतं. भाऊजी नोकरी सुटून मेहकरला परत आले तेव्हा त्याच बायकांना माझी किंमत कळली. घरात कुणाला भाऊजींशी काही बोलायचं असलं की मला हाक मारायची. मी त्यांचा कान होते. दीर-भावजयीचं नातं थट्टेचं असतं म्हणतात. आमची थट्टासुद्धा सगळी आळी ऐके.

हातही असाच भारी होता. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "थप्पड पहिले, कारन मागून. कारन सांगत बसलो तं हात जाते." पिठाच्या गिरणीवाल्याला त्यांनी भर गिऱ्हाइकांसमोर अशी ठेवून दिली की त्याची टोपी जोंधळ्याच्या पाटीत पडली. झालं होतं असं की चालत्या पट्ट्याशेजारी तो धोतराचा सोगा मोकळा सोडून उभा होता. थप्पड मारून झाल्यावर भाऊजींनी स्वतः खाली बसून त्याचा सोगा खोचून दिला. सर्व्हिस मोटरचा ड्रायव्हर एकदा बॉनेट उघडून, पंखा फिरत असताना, आत तारा चाचपत होता. त्याला त्यांनी गचांडी धरून रस्त्यावर आपटला. लोक चिडायचे, पण तक्रार कुणी करीत नसे. मार खाल्लेल्याची बोटं शाबूत राहिली, हे त्यालाही कळत असे.

"पण तू तिथं करत काय होता?" असं सासूबाईंनी एकदा विचारलं. भाऊजी चुलीपुढं बसले आणि त्यांनी फुंकणी हातात घेतली. म्हणाले, "आई, हे इंजिन तोंडानं वारा गिळते. गिळते म्हंजे असा, का समोरचा मानूस ओढून घेते. मंग पोटात रॉकेल जाळते. अन् ते सारं मांगून असं फेकते का विमान समोर पळते."

"अन् पंखा?"

"पंखा पोटात."

"मंग तुह्या बापावानीच," सासूबाई म्हणाल्या. "बाहीरून शांत, अन् पोटात सारखं काहीतरी फिरून राह्यलं." मी हसू दाबलं. ते दिसल्यावर भाऊजी एवढ्या जोरानं हसले की फुंकणीच्या तोंडातून राख उडाली.

पण इंजिनाबद्दल ते नेहमी असं हसून बोलत नसत. गोऱ्या लोकांनी त्या विमानाला रक्त पिणाऱ्या भुताचं नाव दिलं होतं आणि इंजिनाला छळणाऱ्या बुटक्या भुताचं, गॉब्लिन. त्याच घराण्यातलं पुढचं मोठं इंजिन निघालं, त्याचं नाव सरळ घोस्ट, म्हणजे भूतच. भाऊजी म्हणायचे, नाव ठेवणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक असणार. त्यांनी आपली नावं ठेवली होती. गॉब्लिन म्हणजे मुंजा. पहिला मुंजा, दुसरा मुंजा, तिसरा मुंजा. अंग जवळपास तेच, पण प्रत्येक वेळी भूक वाढलेली, जोर वाढलेला. मोठा तो खवीस. तो त्यांनी चित्रातच पाहिला होता. मुंजानं एकदा कावळा ओढला, तर मागून काळ्या धुराशिवाय काही निघालं नाही. एकदा कुणाची टोपी ओढली. टोपी डोक्यावर असती तर, एवढं म्हणून भाऊजी थांबत.

ही नावं ठेवण्यात त्यांचा एक जोडीदार होता, लोणारच्या पिंजाऱ्याचा मुलगा उस्मान. देशभरची माणसं असलेल्या त्या तळावर वऱ्हाडी बोलणारे हे दोघंच. यांनी "का"च्या जागी "काऊन" म्हटलं की पुण्याकडचे फिटर खो खो हसत. मग उस्मान मुद्दाम दिवसभर काऊन काऊन करत फिरे. मुंजा ब्राह्मणाचं भूत, खवीस मुसलमानाचं, असं आपल्याकडं मानतात. उस्मान म्हणे, "लहान तुमच्यातला, मोठा आमच्यातला, मंग भांडन कायचं?" इंजिन ज्या लोखंडी चौकटीवर बांधून तपासत, तिला भाऊजी शेगावचा अंगारा लावीत आणि उस्मान त्याच्या आईनं दिलेला तावीज बांधी. मुंजानं दोन्हीला जुमानलं नाही.

इंजिन फुटलं, उस्मान गेला, भाऊजींची मान भाजली. मग त्यांनी एका साहेबाला लोखंडी पान्यानं मारलं, कोठडीत बसले आणि नोकरीवरून काढले गेले. आम्हाला घरी एवढंच माहीत होतं. उस्मानच्या घरी त्याहून कमी. मुलगा कामावर असताना वारला आणि तिकडेच दफन झाला, एवढं त्यांना कळवलेलं होतं. म्हातारा बाप होता, बायको होती. आई मागंच गेली होती. लोणार मेहकरपासून काही काशी नाही. पण भाऊजी "पुढच्या बाजारी जातो" म्हणत आणि बाजार उलटून जाई. त्या माणसांपुढं बसून काय सांगायचं, याची त्यांना धास्ती होती. साहेबाला मारताना जो माणूस भ्याला नाही, तो एका पिंजाऱ्याच्या ओट्यावर चढायला भीत होता. मी एकदा तसं तोंडावर बोलले. त्यांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं. मी आवाज चढवला नाही.

दिवस फार वाईट होते. सरहद्दीपलीकडचं निजामाचं राज्य आदल्या वर्षीच गेलं होतं. तिकडच्या गावांत दोन्ही बाजूंनी जे व्हायचं ते झालं होतं, आणि जीव घेऊन आलेली माणसं अलीकडच्या खेड्यांत अजून होती. कुणाचा भाऊ मारलेला, कुणाचं घर जाळलेलं. आमचा मुलूख नागपूरच्या कारभारातला म्हणून आम्ही वाचलो, असं लोक म्हणत. पण वाचलेली माणसंच जास्त खदखदत होती. कुणावर हात टाकायला मिळतो, याची वाट पाहणारे तरणे पोरगे प्रत्येक पारावर बसलेले असत.

अशा हवेत भाऊजी एका दुपारी मोटरस्टँडवरच्या हॉटेलात चहा पीत बसले होते. कुणीतरी विचारलं, "काऊन हो, ते इंजिन फुटलं कायच्यानं?" भाऊजींना अर्धंमुर्धं ऐकू आलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "उस्मानचा हात होता त्यात. लोनारच्या उस्मानचा."

मराठीत याचा एकच अर्थ होतो. शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल. कटात हात असतो, चोरीत हात असतो, खुनात हात असतो. भाऊजींच्या डोळ्यांपुढं खराच हात होता, हाडामांसाचा. तो त्यांनी सांगितला, बशी उचलली आणि उरलेला चहा प्यायले.

ते वाक्य मोटरीत बसून लोणारला गेलं. पोचेपर्यंत उस्मान निजामाचा हेर झाला, त्यानं आपल्या विमानात बॉम्ब ठेवला, आणि सरकारनं ते दाबलं. मला हे कासारणीनं सांगितलं. बांगड्या भरताना माझा हात तिच्या हातात होता आणि ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमचे भाऊजीच बोलले म्हन्तेत. लोनारात आज पिंजाऱ्याचं घर जाळाची गोठ चालू हाय." अर्ध्या बांगड्या तशाच ठेवून मी उठले.

भाऊजी अंगणात विळ्याला धार लावत होते. मी त्यांच्या चांगल्या कानाशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग होताच ना हात."

"भाऊजी," मी म्हटलं, "हात होता म्हणजे लोक काय समजतात?"

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी ओसरीच्या भिंतीत मूठ हाणली. गिलावा खाली आला, बोटांची सालटी निघाली. त्यांनी पुन्हा हाणली, पुन्हा हाणली. सासूबाई रडायला लागल्या. दुकानातून हे धावत आले. त्यांनी भावाला मिठी मारून भिंतीपासून ओढलं आणि मला म्हणाले, "तू जाय त्याच्या संगं. त्याले ऐकू येत नाही. मांगून कोनी मारलं तं समजनार नाही." बायकोला असं दंग्यात धाडणारा नवरा कुठं असतो का, असं मला नंतर पुष्कळ बायकांनी विचारलं. माझा होता. त्याचा भाऊ होता तो.

मोटर भरल्याशिवाय सुटत नसे. ड्रायव्हर तोच, पूर्वी आपटलेला. भाऊजींनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि तो रिकामी मोटर घेऊन निघाला. वाटेत भाऊजी मूठ धोतरात गुंडाळून बसले होते आणि धोतर लाल होत चाललं होतं.

पिंजाऱ्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा आधी कापूस दिसला. सगळ्या गल्लीभर पांढरा कापूस, त्यात पायांचे ठसे, आणि एका गादीतून धूर निघत होता. कापूस पिंजायची पिंजण तात तोडून रस्त्यात टाकली होती. म्हातारा ओट्यावर बसला होता. कपाळ फुटलं होतं आणि रक्त दाढीतून छातीवर उतरत होतं. त्यानं ते पुसलंही नव्हतं. दोघं जण लाकडी ओंडक्यानं दारावर धडका देत होते. दार आतून लावलेलं, आणि आत उस्मानची बायको होती. तिसऱ्याच्या हातात रॉकेलचा डबा होता.

भाऊजींनी विचारपूस केली नाही. डबेवाल्याचं मनगट धरून त्यांनी ते असं पिळलं की काडकन आवाज झाला. तो मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला, त्यांना ऐकू आला नसेल. ओंडकेवाल्यांतल्या एकाला त्यांनी दाराच्या चौकटीवर आपटलं. त्याचे दात सांडले. तेवढ्यात एक काठीवाला मागून आला आणि मी ओरडले, "भाऊजी, मागं." ते वळले, पण काठी तोंडावर बसलीच. ओठ फाटला. त्यांनी ती काठी हिसकून त्याच्याच गुडघ्यावर घातली. तो लोळत कापसात गेला आणि कापूस लाल झाला. मी बाईमाणूस, देवाधर्माची, घरात झुरळ मारत नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला बरं वाटत होतं.

बाकीचे मागं सरकले, गेले मात्र नाहीत. दगड हातात होते. कुणीतरी म्हणालं की तूच तर बोलला होता, त्यात त्याचा हात होता म्हणून. ते मी भाऊजींना कानात सांगितलं. मग ते ओट्यावर चढले.

"होता," ते म्हणाले. "मीच बोललो. आता कसा होता ते आयका. इंजिनाच्या तोंडावर जाळी राह्यते. जाळीनं जोर कमी दिसते, म्हनून साहेबानं जाळी काढाले लावली. इंजिन भरात होतं. पुसाचं एक फडकं खाली राह्यलं होतं, ते उडालं अन् तोंडाकडं चाललं. ते आत जातं तं इंजिन फुटतं अन् आमी सारे मरतो. उस्माननं फडकं धराले हात टाकला. फडकं त्याच्या हाती आलं. पन हात मांगं आला नाही. कोपरापर्यंत गेला. मंग खांद्यापर्यंत. मी त्याची कंबर धरून ओढून राह्यलो होतो, अन् तो मले लाथा मारत होता. सोड म्हने, तू बी जाशीन. त्याच्या लाथेनं मी मांगं पडलो. मंग फुटलं. असा हात होता त्याचा. ज्याले घर जाळाचं हाय त्यानं जाळा आता."

याच्या पुढंही ते बोलले. फुटल्यावर काय दिसलं, काय उरलं, काय गोळा करून दफन केलं, सगळं. थांबा, थांबा म्हणून मी त्यांचं धोतर ओढत होते, पण एकदा सुटलेला तो माणूस थांबेना. ते मी इथं लिहीत नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरानं ते ऐकलं, कोपऱ्यावरच्या दुकानांनी ऐकलं. दाराच्या एका फळीला धडकांनी भोक पडलं होतं. त्यातून मला हिरव्या ओढणीचं टोक दिसत होतं. ते जराही हलत नव्हतं.

दगड खाली पडले. माफी कुणी मागितली नाही, आपल्याकडं तशी रीत नाही. दातवाल्याला त्याचे सोबती धरून घेऊन गेले. गुडघा धरून एक जण लंगडत गेला. शेवटी राहिलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं धुमसणाऱ्या गादीवर दोन घागरी पाणी ओतलं आणि सांडलेला थोडा कापूस पायानं दारापाशी लोटला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तोही गेला.

मग दार उघडलं. उस्मानची बायको उंबऱ्यात आली. वय असेल माझ्याएवढंच. रडली नव्हती. तिनं सासऱ्याच्या कपाळाकडं पाहिलं, भाऊजींच्या फाटक्या ओठाकडं पाहिलं, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "भाईजान, हे तुमाले मले एकटीले येऊन सांगता आलं नसतं का? हळू?"

आणि ती आत गेली.

भाऊजींनी तिचे ओठ हललेले पाहिले होते. ते माझ्याकडं वळले. त्यांचं तोंड रक्तानं भरलं होतं आणि डोळे एखाद्या लेकरासारखे झाले होते. "काय म्हनली, वयनी?"

म्हाताऱ्या पिंजाऱ्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं.

मी भाऊजींच्या कानाशी गेले आणि माझ्या त्या पखवाजासारख्या आवाजात म्हटलं, "पाणी घ्या म्हणते."

ओट्याच्या कोपऱ्यात माठ होता. त्यातलं पाणी मीच काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. ते घटाघटा प्यायले. पाण्यात रक्त उतरलं. त्यांनी आणखी मागितलं, मी आणखी दिलं.

मनगट आणि गुडघ्याबद्दल भाऊजी बुलढाण्याच्या तुरुंगात काही महिने राहून आले. त्याची त्यांना लाज नव्हती. सुटल्यावर ते वरचेवर लोणारला जात, म्हाताऱ्यासाठी नवी पिंजण करून घेऊन गेले, आणि तो जिवंत असेपर्यंत ओट्यावर त्याच्याशेजारी बसत. उस्मानची बायको दाराआडून चहा पाठवी. बाहेर मात्र येत नसे. पडद्यातली बाई आहे, असं भाऊजी म्हणत.

पुढं कितीतरी वर्षं घरी कुणी पाहुणा आला की ते ती गोष्ट काढत. इंजिनाची नाही, मारामारीची नाही, एवढीच. "काय काळीज त्या भाभीचं. नवरा कसा मेला ते भर गल्लीत आयकलं, अन् तोंडातून पहिला बोल काय निंघाला, तं पानी घ्या." मग साऱ्या आळीला ऐकू जाईल असं मला विचारत, "हो का नाही, वयनी?" आणि मी लोणारला सोबत गेले की हेच ते म्हाताऱ्यासमोर विचारत, तेव्हा म्हातारा खाली पाहून कापूस निवडायला लागे.

मी हो म्हणायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांचा तो दुसरा कानही गेला आणि माझासुद्धा आवाज पोचेनासा झाला. तरी ते विचारायचेच, आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. मग मी पलंगाजवळ जाऊन बसायची आणि त्यांना दिसेल अशी मान हलवायची.